कोजागिरीच्या हाऊजीला नंबर पुकारताना

सोसायटीत हाऊजी ठेवायची म्हटलं की हौशी माणसांची कमी नसते. तिकिटं आणायला कुणीतरी तयार असतं, बक्षिसं निवडायला तर चार जणी पुढे येतात. नंबर कोण पुकारणार असं विचारलं की मात्र सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. यंदा ते काम माझ्याकडे आलं. मी एका खासगी कंपनीत हिशेब बघते, त्यामुळे आकड्यांची भीती नाही. माइक हातात घेऊन पावणेदोनशे माणसांसमोर उभं राहण्याची होती, आणि चांगलीच होती. पुढच्या वर्षी ज्यांच्या गळ्यात ही माळ पडेल त्यांना थोडं सोपं जावं म्हणून सगळं झालं तसं क्रमाने लिहिते आहे.

आमची सोसायटी ठाण्यात, पोखरण रोड नंबर दोनवर. गणपती आटोपल्यावर रविवारी, १४ सप्टेंबरला, सांस्कृतिक समितीची बैठक झाली. कोजागिरी सोमवारी ६ ऑक्टोबरला होती. शनिवारी घ्या असं काहींचं म्हणणं होतं, पण चंद्र शनिवारी पूर्ण नसतो, सोमवारीच करू असं ठरलं. इतकी वर्षं आमच्याकडे नंबर पुकारणाऱ्या वहिनी मे महिन्यात लेकाकडे पुण्याला राहायला गेल्या. त्यांची जागा कोण घेणार यावर बराच वेळ शांतता होती. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं. ‘विचार करून सांगते’ म्हणाले आणि दोन दिवसांनी हो कळवलं.

त्याच बैठकीत तिकिटाला पैसे घ्यायचे का यावर अर्धा तास गेला. आधी आम्ही तिकिटामागे वीस रुपये घ्यायचो आणि जमलेल्या रकमेतून बक्षिसं द्यायचो. आमच्यातले एक सभासद वकील आहेत. त्यांनी समजावून सांगितलं, की महाराष्ट्रातला जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ सालचा आहे, त्यातून निव्वळ कौशल्याचे खेळ वगळले आहेत. हाऊजीत कौशल्य काहीच नाही, पिशवीतून जो निघेल तो नंबर. मग पैसे गोळा करून तेच पैसे वाटायची भानगड कशाला? ऑगस्टमध्येच केंद्र सरकारने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला होता, त्यामुळे व्हॉट्सॲप ग्रुपवर पैसे पाठवून चालणाऱ्या हाऊजीचाही विषय निघाला आणि तीही बंद करायचं ठरलं. शेवटी तिकिटं सगळ्यांना मोफत, माणशी एक डाव एक तिकीट, आणि खर्च सांस्कृतिक निधीतून, बारा हजारांच्या आत, असा ठराव इतिवृत्तात लिहिला गेला. माझं मत विचाराल तर हे फार बरं झालं. पैसे घेतले की प्रत्येक वादाला धार येते, आणि तो वाद माइक धरणारीच्या अंगावर येतो.

होकार दिल्यावर पहिलं काम केलं ते म्हणजे सातव्या मजल्यावरच्या काकांकडे गेले. काका नौदलातून निवृत्त झालेले. आपण ज्याला हाऊजी म्हणतो त्याला नौदलात तंबोलाच म्हणतात, आणि काकांनी मेसमध्ये वर्षानुवर्षं तो घेतलेला. त्यांनी मला बसवलं, काकूंनी चहा टाकला, आणि काकांनी एक कोरा कागद घेऊन तिकीट आखायला सुरुवात केली.

तिकीट नीट समजलं की निम्मं काम होतं, असं काका म्हणाले आणि ते खरंच आहे. आपलं तिकीट तीन आडव्या ओळी आणि नऊ उभ्या रकान्यांचं. घरं सत्तावीस, पण आकडे पंधराच, प्रत्येक ओळीत पाच. उभे रकाने दशकांचे: पहिल्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, असं करत शेवटच्यात ८० ते ९०. म्हणजे ४७ पुकारला तर अख्खं तिकीट धुंडाळायचं नाही, पाचवा रकाना बघायचा, तिथे नसेल तर तो तुमच्याकडे नाही. इतकी वर्षं हाऊजी खेळूनही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कार्यक्रमाच्या सुरुवातीला मी हेच आधी सांगितलं, आणि पुढच्या रांगेतल्या दोन आज्या म्हणाल्या, अगं, मग चष्मा न लावताही जमेल.

दुसरी गोष्ट सहाच्या पानाची. नीट छापलेल्या पुस्तकात एका पानावर सहा तिकिटं असतात आणि त्या सहांत मिळून १ ते ९० मधला प्रत्येक आकडा बरोबर एकदा येतो; सहा गुणिले पंधरा नव्वद. एकाच्या हातात पूर्ण पान असेल तर प्रत्येक पुकाराला त्याला काहीतरी खोडायला मिळतंच. म्हणून काही जण पान मागतात. आमच्याकडे माणशी एकच तिकीट होतं, तरी सहा जणांच्या कुटुंबाला सलग पान दिलं तर तोच प्रकार होतो. त्यात बेइमानी काही नाही, जिंकण्याची संधी तेवढीच राहते, पण बाकीच्यांना उगाच शंका येते. आम्ही सगळी तिकिटं आधीच कापून एका टोपलीत मिसळून ठेवली.

मग काकांनी दाव्यांचे, म्हणजे कोणते आकडे खोडले की बक्षीस मागायचं त्याचे, शब्द सांगितले. काही मला माहीत होते, काही ऐकलेच नव्हते. पहिले पाच आकडे कुठलेही खोडले की ‘जल्दी फाइव्ह’, कुणी ‘अर्ली फाइव्ह’ म्हणतं. ‘टॉप लाइन’, ‘मिडल लाइन’, ‘बॉटम लाइन’ सरळ आहेत. ‘फोर कॉर्नर्स’ म्हणजे वरच्या आणि खालच्या ओळीतले पहिले आणि शेवटचे आकडे. तिकिटाचे कोपरे नव्हेत, कारण कोपऱ्यातलं घर रिकामंही असू शकतं. यावर दर वर्षी भांडण होतं, म्हणून हे माइकवरून उदाहरणासकट सांगा. मधल्या ओळीतला तिसरा आकडा म्हणजे ‘बुल्स आय’. पहिल्या तीन रकान्यांतले सगळे आकडे ‘ब्रेकफास्ट’, मधल्या तिनांतले ‘लंच’, शेवटच्या तिनांतले ‘डिनर’. तिकिटावरचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा आकडा मिळून ‘टेंपरेचर’. पंधराही आकडे खोडले की ‘फुल हाऊस’. चुकीचा दावा केला तर ‘बोगी’, आणि बोगी झालेलं तिकीट बाद.

आम्ही ब्रेकफास्ट-लंच-डिनर, टेंपरेचर वगैरे काही घेतलं नाही. पहिल्यांदा पुकारणाऱ्याने दावे कमी ठेवावेत. आमचे सातच होते: जल्दी फाइव्ह, चार कोपरे, तीन ओळी, पहिलं फुल हाऊस आणि दुसरं फुल हाऊस.

काकांचा खरा जीव होता तो आकड्यांच्या नावांत. इंग्रजांच्या फौजेत ‘हाऊस’ हा एकच जुगार शिपायांना उघडपणे खेळायची मुभा होती, त्यामुळे बरीचशी नावं बराकीतून आलेली. नऊ म्हणजे ‘डॉक्टर्स ऑर्डर्स’, कारण फौजी डॉक्टर पोट साफ व्हायला जी गोळी द्यायचे ती नऊ नंबरची. एक म्हणजे ‘केलीज आय’. बावीसला ‘टू लिट्ल डक्स’, कारण दोनचा इंग्रजी आकडा पाण्यावरच्या बदकासारखा दिसतो, आणि ते पुकारलं की सगळ्या हॉलने ‘क्वॅक क्वॅक’ करायचं. दहाला त्या वेळच्या ब्रिटिश पंतप्रधानाचं नाव घ्यायचं, डाउनिंग स्ट्रीटवरचं दहा नंबरचं घर म्हणून. शहात्तर पुकारला की ‘वॉज शी वर्थ इट?’ विचारायचं, कारण एके काळी तिकडे लग्नाच्या परवान्याला सात शिलिंग सहा पेन्स पडायचे. काही नावांत फक्त यमक आहे: तीनला ‘कप ऑफ टी’, आठला ‘गार्डन गेट’. खेळ सुरू होताना पुकारणारा म्हणतो ‘आइज डाउन’, म्हणजे आता बोलणं बंद, नजर तिकिटावर. तिकडे १९६१ पासून, नवा कायदा लागू झाल्यावर, गावोगावी बिंगोचे, म्हणजे याच खेळाचे, हॉल निघाले आणि हीच भाषा तिथे गेली. शाई लावायच्या जाड पेनाला ते ‘डॅबर’ म्हणतात.

अमेरिकेतला बिंगो वेगळा, हेही काकांनी सांगितलं आणि ते मला पुढे उपयोगी पडलं, कारण न्यू जर्सीहून सुट्टीला आलेलं एक कुटुंब कार्यक्रमाला होतं. तिकडे आकडे पंचाहत्तरच, तिकीट पाच बाय पाचचं, वर बी-आय-एन-जी-ओ ही अक्षरं, मधलं घर फुकट. पुकार ‘बी सात’, ‘ओ एकाहत्तर’ असा. बीखाली १ ते १५, मग पंधरा-पंधराचे गट. १९२९ च्या सुमारास एडविन लोव्ह नावाच्या खेळणी विकणाऱ्याने जॉर्जियातल्या जत्रेत हा खेळ पाहिला, तेव्हा त्याला ‘बीनो’ म्हणत, कारण आकड्यांवर ‘बीन्स’, म्हणजे शेंगांचे दाणे, ठेवायचे. हे ऐकून मला आमच्या आजोळची हाऊजी आठवली. तिकिटं फुकट जाऊ नयेत म्हणून आम्ही आकड्यांवर चिंचोके ठेवायचो, आणि कुणाचा पाय लागला की अख्खा डाव विस्कटायचा.

नेपल्समध्ये नाताळला घरोघरी तोंबोला खेळतात आणि तिथे नव्वदच्या नव्वद आकड्यांना अर्थ आहे. तेहतीस म्हणजे ख्रिस्ताचं वय, नव्वद म्हणजे भीती. म्हणजे प्रत्येक ठिकाणच्या लोकांनी आपापल्या जगण्यातली नावं दिली. मग मी ठाण्यात उभी राहून ‘लेग्ज इलेव्हन’ कशाला म्हणू? शिवाय इंग्रजीतल्या काही नावांचा मला रागच येतो. अठ्ठ्याऐंशीला ‘टू फॅट लेडीज’ म्हणतात. समोर बसलेल्या बायकांच्या देखत ते माझ्या तोंडून निघणार नव्हतं. मराठीत साठला जे हमखास म्हटलं जातं तेही मी काढून टाकलं, पुढच्या दोन रांगा साठीच्या पुढच्याच होत्या.

पुढचा आठवडाभर मी रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसायचे. सासूबाई, मुलगा, नवरा, सगळ्यांनी भर घातली. एक ते नऊ सहज जमले: गणपती पहिला, एक, दत्ताची मुखं, तीन, पांडव पाच, सप्तपदी सात, अष्टविनायक आठ, नवरात्रीचे नऊ. पुढे म्हणींनी आणि वाक्प्रचारांनी हात दिला. बारा गावचं पाणी, बारा. सोळा आणे खरं, सोळा. मोदकांच्या ताटात एकवीस. दोनाचे चार झाले, चोवीस. विठोबाची युगं, अठ्ठावीस. छत्तीसचा आकडा, छत्तीस. असे छप्पन्न पाहिले, छप्पन्न. चौसष्ट कला. पंचवीसला रौप्य, पन्नासला सुवर्ण, साठला हीरक आणि पंचाहत्तरला अमृतमहोत्सव. सहस्रचंद्रदर्शन, एक्क्याऐंशी; कोजागिरीला हा निघावा अशी माझी फार इच्छा होती. कपिलचा विश्वचषक, त्र्याऐंशी. नव्वदला मुलाने सुचवलं, ‘गच्ची आली’.

ठाण्याचे दोन आकडे मी आवर्जून घातले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली ती ठाण्यालाच आली, म्हणून ‘ठाण्याची पहिली गाडी, त्रेपन्न’. आणि महानगरपालिका १९८२ ची, म्हणून ‘ठाणे महापालिका, ब्याऐंशी’. नव्वदच्या नव्वद आकड्यांना नाव द्यायचा अट्टहास करू नका. साधारण निम्म्यांना पुरे. सगळ्यांना दिलं तर खेळ रेंगाळतो आणि ओढूनताणून केलेली नावं कळतात.

नाव कितीही गोड असलं तरी शेवटी आकडा ऐकू गेला पाहिजे, आणि मराठी आकड्यांची गंमत आणि अडचण दोन्ही इथेच आहे. एकोणपन्नास म्हटलं की इंग्रजी माध्यमातली मुलं ‘पन्नास’ ऐकतात आणि पन्नासच्या रकान्यात शोधतात. आकडा असतो चाळीसच्या. स्पीकर जरा फाटका असेल तर एकोणसाठ आणि एकोणसत्तर, त्रेपन्न आणि त्रेसष्ट, सत्तावन्न आणि सत्तेचाळीस एकसारखे वाटतात. इंग्रजीतही सुटका नाही, ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ तेच. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात त्रेसष्टसोबत ‘साठ तीन’ अशी वाचनपद्धत दिली तेव्हा केवढा वाद झाला होता. मला तेव्हा तो बदल अजिबात आवडला नव्हता. माइकसमोर उभं राहिल्यावर मात्र त्यामागची अडचण पुरती कळली. मी ठरवलं की त्रेसष्ट सोडायचं नाही, पण एकटंही पाठवायचं नाही. माझा क्रम असा होता: नाव, मराठी आकडा, सुटे अंक, इंग्रजी आकडा. ‘ठाण्याची पहिली गाडी, त्रेपन्न. पाच तीन. फिफ्टी थ्री.’ एवढं झालं की तीनपर्यंत मनात मोजायचं आणि मगच पिशवीत हात घालायचा. आमच्याकडे तमिळ, गुजराती, सिंधी कुटुंबं आहेत. कुणालाही दुसऱ्यांदा विचारावं लागू नये हीच माझी कसोटी होती.

लाउडस्पीकरची परवानगी हा वेगळा अध्याय. अर्ज पोलीस ठाण्यात शुक्रवारी १९ सप्टेंबरला दिला. सोसायटीच्या लेटरहेडवर, दोन प्रतींत: कार्यक्रमाची तारीख, जागा, सुरू आणि बंद होण्याची वेळ, अंदाजे उपस्थिती, साउंडवाल्याचं नाव आणि नंबर, जबाबदार दोन पदाधिकाऱ्यांची नावं, सोबत समितीच्या ठरावाची प्रत. आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत मागून घ्या, पुढे चौकशी करताना तीच लागते. नवरात्र तोंडावर असल्याने पोलीस ठाण्यात मंडळांच्या अर्जांचा ढीग होता आणि आमचं पत्र हातात पडलं ते शनिवारी, ४ ऑक्टोबरला. मधले दिवस जिवाला घोर होता, कारण माइकशिवाय पोडियमवर, म्हणजे इमारतींमधल्या मोकळ्या चौथऱ्यावर, आवाज पोचत नाही. अर्ज महिनाभर आधी द्यावा हे बरं. रात्री दहानंतर स्पीकर बंद हा नियम देशभराचा आहे. दिवसासुद्धा निवासी भागात मर्यादा पंचावन्न डेसिबलची, म्हणून दोनच छोटे स्पीकर लावले, तोंडं आतल्या बाजूला केली आणि आवाज बेताचा ठेवला.

दहाचं बंधन असल्याने वेळेचा हिशेब आधी मांडावा लागला. पिशवीतून जवळपास साठ-सत्तर आकडे निघेपर्यंत पहिलं फुल हाऊस होत नाही, दीडशे-पावणेदोनशे तिकिटं असतील तर चौसष्ट-पासष्टच्या आसपास होतं. एका आकड्याला पंधरा सेकंद धरले तर सोळा-सतरा मिनिटं नुसतं पुकारणं, आणि प्रत्येक दाव्याच्या तपासणीला दोन मिनिटं. म्हणजे एक डाव पस्तीस ते चाळीस मिनिटांचा. दोन डाव, मध्ये दूध, पावणेआठला सुरुवात. यात बसत होतं.

खरेदी जांभळी नाक्याला आणि स्टेशनजवळच्या स्टेशनरीच्या दुकानात केली. सहाशे तिकिटांचं पुस्तक १२० रुपये. नव्वद लाकडी सोंगट्यांचा संच ४५०; पुठ्ठ्याचे आकडे स्वस्त मिळतात पण पिशवीत एकमेकांना चिकटतात, घेऊ नका. सोंगट्या घेतल्यावर घरी ताटात ओतून एकेक बघा. सहा उलटा धरला की नऊ दिसतो हे सगळ्यांना माहीत असतं. पण एकोणीस उलटा केला की एकसष्ट होतो, अठराचा एक्क्याऐंशी होतो आणि अडुसष्टचा एकोणनव्वद. आमच्या संचात सहा आणि नऊच्या खाली रेघ होती, बाकीच्यांना नव्हती. मी काळ्या मार्करने या सगळ्यांखाली रेघ ओढली. पुकारताना अंगठा आधी त्या रेघेवर जायचा, मग नजर आकड्यावर.

भिंतीवर टांगायला १ ते ९० चा फ्लेक्स करून घेतला, ३०० रुपये. पेनं दीडशेची. साउंडवाल्याचे साडेतीन हजार. बक्षिसं ७,२०० ची: दोन्ही डावांची पहिली फुल हाऊस प्रत्येकी १,२०० ची कढई, दुसऱ्या फुल हाऊसला ७०० चा स्टीलचा डबा, बाकी दहा बक्षिसं प्रत्येकी ३४० ची. एकूण ११,७२०. छोट्या बक्षिसांत मी मुद्दाम डब्यांच्या जोड्या घेतल्या. एकाच आकड्यावर दोघांचा दावा आला की बक्षीस वाटून द्यायचं असतं, आणि एक कुकर दोघांत वाटता येत नाही. जोडी असली की एकेक डबा देता येतो. तिघे आले तर चिठ्ठ्या टाकायच्या, हेही आधी जाहीर केलं होतं.

सोमवारी संध्याकाळी हात गार पडले होते. काका म्हणाले, पहिले दहा आकडे हळू घे, मग आवाज आपोआप बसतो. साडेसातपासून तिकिटं वाटली. नियम वाचून दाखवले: दावा पुढचा आकडा पुकारण्याआधी करायचा, दावा शेवटी पुकारलेल्या आकड्यावरच लागू, हात वर करून तोंडाने दाव्याचं नाव घ्यायचं, बोगी झाली तर त्या डावापुरतं तिकीट बाद, बारा वर्षांखालच्या मुलांची बोगी धरायची नाही. प्रत्येक दोन रांगांमागे एक कॉलेजचा मुलगा उभा केला. ही सूचना काकूंची होती आणि सगळ्यात उपयोगाची ठरली. ‘नजर तिकिटावर’ म्हणाले आणि पिशवी हलवली.

पहिला निघाला सदुसष्ट. त्याला नाव दिलेलंच नव्हतं. नुसता आकडा पुकारला, सहा सात, सिक्स्टी सेव्हन, आणि लहान मुलांच्या कोपऱ्यातून जोरात ‘आहे!’ ऐकू आलं. तिथून पुढे भीती ओसरत गेली. पाचवा-सहावा आकडा छत्तीस आला. ‘छत्तीसचा आकडा’ म्हणताच एका काकांनी काकूंकडे बघितलं आणि सगळी रांग हसली. त्यानंतर लोक नावांची वाट बघायला लागले. ‘पिशवी हलवा!’ असा ओरडा अधूनमधून चालूच होता. ज्यांचा एकच आकडा बाकी राहतो ते खुर्चीच्या टोकावर येतात, हे वरून स्पष्ट दिसतं. अशा वेळी वेग वाढवायचा मोह होतो, तो टाळा.

मधल्या ओळीला पहिला वादाचा प्रसंग आला. मागच्या रांगेतल्या आजींचा दावा होता, पण त्यांचा आवाज पोचला नाही आणि तेवढ्यात पुढून एका दादांनी ‘मिडल लाइन’ म्हटलं. दोघांच्या तिकिटांवर शेवटचा आकडा एकच, एक्केचाळीस. आजींचा हात आधी वर होता हे रांगेमागच्या मुलाने पाहिलं होतं. दोन्ही तिकिटं टेबलावर घेतली. तपासणीला बसलेल्या दुसऱ्या एक वहिनी एकेक आकडा मोठ्याने वाचत होत्या आणि मी फ्लेक्सवर बोट ठेवून ‘आला’ म्हणत होते: चार, बावीस, एक्केचाळीस, अठ्ठावन्न, एकोणऐंशी. आजींचे पाचही आलेले. दादांच्यात एकोणसत्तर खोडलेला होता, पुकारलेला होता एकोणऐंशी. नियमाने बोगी. दादांनी तिकीट स्वतःच घडी घालून खिशात टाकलं आणि टाळ्या सुरू केल्या. सगळ्यांसमोर, मोठ्याने, फ्लेक्सवर दाखवून तपासलं की कुणाच्या मनात काही राहत नाही.

फुल हाऊस सहासष्टाव्या आकड्यावर झालं. न्यू जर्सीच्या मुलीने ‘बिंगो!’ म्हणून उडी मारली. दाव्याचं नाव घ्यायचं असा नियम होता, पण तिच्याकडे तेच नाव होतं, आणि तिकिटावर पंधराच्या पंधरा बरोबर होते. कुणीही हरकत घेतली नाही. दुधाच्या मध्यंतरात तिने मला त्यांच्याकडची बी-आय-एन-जी-ओची पद्धत सगळ्या मुलांना माइकवर सांगू द्या म्हणून विचारलं. मी दिलं.

दुसऱ्या डावात एक्क्याऐंशी आला. ‘सहस्रचंद्रदर्शन’ म्हटल्यावर पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी हात वर केला. मला वाटलं दावा आहे. ते म्हणाले, दावा नाही गं, मार्चमध्ये माझं झालं ते. त्यांच्यासाठी वाजलेल्या टाळ्या त्या दिवशी सगळ्यात जास्त वेळ चालल्या. नऊ पस्तीसला दुसरं फुल हाऊस झालं, दहाला दहा मिनिटं असताना साउंडवाल्याने वायरी गुंडाळायला घेतल्या.

शनिवारी, ११ ऑक्टोबरला, बिलं आणि उरलेले २८० रुपये खजिनदारांकडे दिले. तीनशेच्या आसपास तिकिटं शिल्लक आहेत, सोंगट्या आणि फ्लेक्स कार्यालयातल्या कपाटात आहेत. नावांची वही, नियमांचा कागद आणि अर्जाचा नमुना यांच्या प्रती मी सोसायटीच्या फाइलला लावल्या. पुढच्या वेळी दोन बदल सुचवले आहेत. पहिला डाव फक्त मुलांचा ठेवावा, दावे तीनच, म्हणजे त्यांना झोप यायच्या आत त्यांचं होऊन जाईल. आणि फ्लेक्स दुप्पट मोठा करावा, कारण मागच्या रांगेतून साठच्या पुढचे आकडे दिसत नव्हते. बावन्नला अजून चांगलं नाव सापडलेलं नाही. ‘पत्त्यांचा जोड’ म्हणून चालवलं, तुम्हाला काही सुचलं तर जरूर सांगा.